शब्दचर्चा : सिंफनी 'उतरवून घेतली' म्हणजे नेमकं काय केलं?

सायली_अनुवाद
मंडळी, एका वाक्यावर तीन दिवस अडकले आहे. इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय. लेखक स्कॉटलंडमधले, वीस वर्षं सीडी विकत घेत आलेले गृहस्थ. निवृत्तीनंतर घरी बऱ्यापैकी इंटरनेट आलं आणि त्यांनी पहिल्यांदा एका सिंफनीचं हाय-रेझोल्यूशन रेकॉर्डिंग पैसे भरून डाउनलोड केलं, त्या रात्रीची गोष्ट आहे. रेकॉर्डिंग म्हणजे मोझार्टची एक्केचाळिसावी, 'ज्युपिटर'. वाजवणारा स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्रा, समोर संचालक चार्ल्स मॅकेरास, लिन रेकॉर्ड्सने २००८ साली काढलेलं.

मी लिहिलं, "त्या रात्री मी ज्युपिटर उतरवून घेतली." संपादकांनी समासात विचारलं, "लेखकाला स्वरलेखन येतं हे आधी कुठे आलंय?"

हसून सोडून दिलं असतं, पण पुढच्याच परिच्छेदात मोझार्टचा तो प्रसिद्ध किस्सा आहे. १७७० साल, पोराचं वय चौदा. रोमला सिस्टीन चॅपेलमध्ये अलेग्री या संगीतकाराचं 'मिसेरेरे' हे समूहगान ऐकलं आणि मुक्कामी येऊन आठवणीतून कागदावर उतरवून घेतलं. इथेही माझं क्रियापद तेच! लेखकाने दोन्ही गोष्टी मुद्दाम शेजारी ठेवल्या आहेत. एकाने नुसत्या कानांनी नेलं, दुसऱ्याने रात्रभर फाइल यायची वाट पाहिली. मराठीत मात्र दोघांनी एकच काम केल्यासारखं वाटतंय.

'डाउनलोड' लिहायचं नाही ही संपादकांची अट. 'हाय-रेझोल्यूशन'लाही मराठी हवंय. सुचवा.

तिरकस
अट मोडा. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, रोज कीर्तन डाउनलोड करून ऐकते. तिला विचारलं की हा शब्द कुठला, तर म्हणेल आपलाच.

ऱ्हस्वदीर्घ
आईंना नमस्कार, पण 'डायरेक्टर' हा शब्दही एकेकाळी सगळ्यांना आपलाच वाटत होता. सावरकरांनी 'दिग्दर्शक' दिला, लोक आधी हसले, आज कोणी हसत नाही. शब्द वापरायचा धीर लागतो. डाउनलोडला 'अधोभारण' आहे. वापरा.

कोपऱ्यावरचा
अधोभारण ऐकून वाटतं की वैद्यांनी पथ्य सांगितलंय.

ऱ्हस्वदीर्घ
सवयीचा प्रश्न आहे.

कोपऱ्यावरचा
पथ्याचीही सवयच लागते हो.

खानदेशी_वांगं
पुस्तकातलं राहू द्या. आमच्याकडे एसटी स्टँडला लागून मोबाइलची दुकानं होती, पाट्या असायच्या 'गाणी भरून मिळतील'. कार्ड द्यायचं, चहा पिऊन यायचं, कार्ड भरलेलं. उतरवणं नाही, डाउनलोड नाही, सगळे 'भरून घेतली' म्हणायचे. हा शब्द कुठल्या समितीने बसून केलेला नाही.

सायली_अनुवाद
@खानदेशी, शब्द झकास आहे. पण "त्या रात्री मी ज्युपिटर भरून घेतली" म्हटलं तर टँकर आला होता असं वाटेल. शिवाय भरून दुसरा कोणी देतो. माझे हे लेखक-आजोबा एकटेच बसलेत संगणकासमोर.

मंद्रसप्तक
तुमच्या संपादकांची शंका मला अगदी रास्त वाटते. गाण्यातल्या माणसाला 'उतरवून घेणे' म्हणजे लिहूनच घेणे. संगीताचे अभ्यासक भातखंड्यांनी उस्तादांकडून शेकडो चीजा, म्हणजे बंदिशी, उतरवून घेतल्या, म्हणजे वही-पेन्सिल आलीच. मोझार्टने चॅपेलमध्ये केलं त्याला आमच्याकडे 'उचलणे' म्हणतात. चीज उचलली, जागा उचलली. त्यात थोडी चोरी आहे आणि बरंचसं कौतुकही. तेव्हा मोझार्टला 'उचललं' द्या आणि आजोबांना 'उतरवून घेतली' राहू द्या. सुटला प्रश्न.

सायली_अनुवाद
'उचललं' फार आवडलं! पण आजोबांचं तसंच राहतं ना. संपादकांनी खूण तिथेच केली आहे.

पाणिनीचा_शेजारी
एक गंमत. 'उतरणे' आलं 'उत् + तृ' वरून. उत् म्हणजे वर. मूळ अर्थ पाण्यातून पार होऊन काठावर येणं. नावेतून उतरला म्हणजे खरं तर वर आला. पुढे गाडीतून, घोड्यावरून, जिन्यावरून उतरता उतरता शब्द स्वतःच खाली आला. खाली येण्याचा अस्सल संस्कृत शब्द 'अवतरण'. त्यामुळे शुद्धच हवं असेल तर "त्या रात्री ज्युपिटर अवतरली" लिहा. ज्युपिटर देवच आहे, शोभेल.

ऱ्हस्वदीर्घ
अवतरण म्हणजे उद्धृत वचन. अवतरणचिन्ह ऐकलं असेलच. गोंधळात भर घालू नका.

तिरकस
गोंधळ म्हणाल तर उतरवण्याइतका गोंधळ कशातच नाही. विमा उतरवतात, दृष्ट उतरवतात, पोतं उतरवतात, विमानही उतरवतात. सातबाऱ्याचाही उताराच. आणि तो उतारा आता ऑनलाइन मिळतो, तेव्हा गावातला शेतकरी काय म्हणतो? "सातबारा काढला." ना उतरवला, ना डाउनलोड केला. 'काढणे' घ्या की.

सायली_अनुवाद
"ज्युपिटर काढली" म्हणजे मॅकेराससाहेबांनी काढली. रेकॉर्ड कंपनी रेकॉर्ड काढते, श्रोता नाही.

मेगाहर्ट्झ
क्रियापदावर भांडून झालं असेल तर दुसऱ्या शब्दाकडे वळा, खरी पंचाईत तिथे आहे. आमच्या एका मित्राने असाच लेख यंत्राकडून भाषांतरित करून घेतला. त्यात हाय-रेझोल्यूशनचं झालं 'उच्च ठराव'. "मला उच्च ठरावाच्या सिंफनी आवडतात." ग्रामसभेत मंजूर झालेल्या असाव्यात.

शाळेत आम्ही भौतिकशास्त्रात 'विभेदन' शिकलो. ते दुर्बिणीला ठीक आहे. दोन तारे वेगळे दिसले की विभेदन झालं. आवाजात कुठले दोन तारे? तिथे भानगड अशी की दर सेकंदाला आवाजाची किती वेळा नोंद घेतली आणि प्रत्येक नोंद किती बारीक मोजली. सीडीत सेकंदाला ४४,१०० नोंदी आणि प्रत्येक १६ बिटांची. हाय-रेझ म्हटलं की २४ बिट आणि ९६,००० किंवा १,९२,००० नोंदी. एका बिटामागे साधारण ६ डेसिबल, म्हणून १६ बिटांत अगदी हलक्या आणि अगदी मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबलचं, तर २४ मध्ये कागदावर १४४. सिंफनीत याला किंमत आहे. एकटी बासरी कुजबुजते आणि दोन मिनिटांनी ट्रॉम्बोन छप्पर उडवतात.

म्हणून माझी सूचना 'बारीक नोंदीचं ध्वनिमुद्रण'. उच्च-बिच्च नको.

अंजू_मिलपिटास
बारीक नोंदीचं! वाण्याच्या वहीतलं वाटतंय, पण आवडलं.

मेगाहर्ट्झ
वाण्याचीच वही समजा. सत्तर मिनिटांचं रेकॉर्डिंग सीडीच्या दर्जाने साधारण ७४० एमबी. २४ बिट ९६ किलोहर्ट्झला (म्हणजे सेकंदाला ९६,००० नोंदींना) २.४ जीबी, १९२ ला ४.८. फ्लॅक नावाच्या, फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रकारात घातलं की निम्म्याच्या आसपास येतं आणि एक कणही सांडत नाही. आमची बायको म्हणते, फ्लॅक म्हणजे पैठणीची घडी आणि एमपीथ्री म्हणजे पैठणी कापून केलेला रुमाल. घडी उलगडली की पैठणी परत मिळते, रुमालातून मिळत नाही.

खानदेशी_वांगं
वहिनींना इथे खातं उघडून द्या.

पेढीवरचा
आमचा सोन्याचा धंदा. 'लॉसलेस'ला शब्द शोधत असाल तर आमच्याकडे आहे. दागिना आटवला की जी कमी येते ती 'घट'. घट न येता परत मिळालं तर 'बिनघट'. फ्लॅक = बिनघट फाइल.

ऱ्हस्वदीर्घ
'बिन' फारसी आहे. 'निर्घट' म्हणा.

तिरकस
फारसी काढायचं तर 'बिनधास्त'चं काय करणार? निर्धास्त? तो आहेच म्हणा, पण त्यातली 'धास्त' कुठली ते शेजाऱ्यांना विचारा.

पाणिनीचा_शेजारी
धास्ती अरबी 'दहशत'वरून आली असं म्हणतात. मला यात ओढू नका.

मेगाहर्ट्झ
जाता जाता, फाइल मोठी म्हणजे आवाज बारीक असं नाही. सीडीचंच रेकॉर्डिंग फुगवून ९६ किलोहर्ट्झच्या डब्यात घालता येतं. जुन्या टेपांचं वेगळं. संचालक कारायानने १९६१-६२ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिककडून बेथोव्हेनच्या नवाच्या नऊ सिंफनी करून घेतल्या त्या टेपवर. त्या २४ बिट ९६ वर पुन्हा निघाल्या आहेत आणि खरोखर ऐकण्यासारख्या आहेत. टेपची सळसळसुद्धा बारीक नोंदीची मिळते.

कोपऱ्यावरचा
वयाच्या साठीला माझे कान १२ किलोहर्ट्झच्या वरच्या सुरांना बंद. सीडी नोंदींच्या निम्मे, म्हणजे २२ पर्यंत देते. १,९२,००० नोंदी कोणासाठी, वटवाघळांसाठी?

मेगाहर्ट्झ
यावर वेगळा धागा काढा, तिथे मारामारी करू.

मंद्रसप्तक
'सिंफनी'ला काय लिहिताय, सायलीताई? ग्रीकमध्ये 'एकत्र नाद' असा अर्थ आहे. हुबेहूब 'संवादिनी'.

सायली_अनुवाद
काका, संवादिनी म्हणजे पेटी!

मंद्रसप्तक
तेच दुःख आहे. इतका चांगला शब्द पेटीला देऊन बसलो.

पेढीवरचा
'स्वरमेळ'?

मंद्रसप्तक
तो हार्मनीला लागतो. सिंफनी हा चार भागांचा अख्खा वाडा आहे, नुसता मेळ नाही. सिंफनीच राहू द्या. इथे मी शुद्धीवाल्यांच्या विरुद्ध.

करवीरकर
आणि ऑर्केस्ट्राचं काय? आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत चौकात रात्री नऊला सुरू होणारा. निवेदक, किशोरकुमारचा आवाज काढणारा एक, आणि बाई-पुरुष दोन्ही आवाजांत गाणारा एक. तुमच्या लेखात "ऑर्केस्ट्रा ऐकायला आयुष्य वेचलं" असं आलं तर आमचे काका म्हणतील, आम्हीही वेचलं.

अंजू_मिलपिटास
मुंबईतला 'ऑर्केस्ट्रा बार' विसरलात.

पाणिनीचा_शेजारी
तो तर व्युत्पत्तीने सर्वांत शुद्ध! ग्रीक नाट्यगृहात 'ऑर्केस्ट्रा' म्हणजे समूह नाचायची मोकळी जागा. मूळ धातूच 'नाचणे'. वादक तिथे फार पुढे येऊन बसले.

ऱ्हस्वदीर्घ
म्हणूनच 'वाद्यवृंद' म्हणावं. आकाशवाणीने १९५२ साली तोच स्वीकारला, रविशंकर त्याचे पहिले संचालक होते.

गोंयकार_व्हायोलिन
राग मानू नका, पण आकाशवाणीचा वाद्यवृंद आणि सिंफनी ऑर्केस्ट्रा यांत फरक आहे. एकात सतार-सरोद, दुसऱ्यात व्हायोलिनांच्या रांगा. माझे पप्पा चर्चच्या शाळेत मेस्तांकडे, म्हणजे संगीतशिक्षकांकडे, सोल्फा (स्वरवाचन) शिकले आणि मुंबईला जाऊन सिनेमाच्या रेकॉर्डिंगांत वाजवायला लागले. सकाळी स्टुडिओ, रविवारी मिळाली तर सिंफनीची तालीम. ते ऑर्केस्ट्राच म्हणायचे. वाद्यवृंद म्हटलं की विचारायचे, "रेडियो?"

आणि उतरवण्याबद्दल. कोंकणीत वरून खाली आणणं म्हणजे 'देंवोवप'. पप्पांना मी संगणकावर पाचवी सिंफनी आणून दिली तेव्हा म्हणालो, "पाचवी देंवयली." त्यांनी विचारलं, "खंयच्यान?" कुठून? मी वर बोट दाखवलं. ते म्हणाले, मग ठीक आहे.

एक गाऱ्हाणं पण आहे. बेथोव्हेनच्या पाचवीत तिसरा भाग संपतच नाही. नगारे हळू धडधडत राहतात आणि त्यातूनच चौथा उसळतो. आलेल्या फाइली भागागणिक वेगळ्या, आणि आमचा प्लेअर बरोबर त्या सांध्यावर श्वास घ्यायला थांबला. पप्पांनी हवेत धरलेला हात तसाच राहिला. १९१३ साली संचालक निकिशने हीच पाचवी बर्लिनमध्ये मुद्रित केली ती तबकडीच्या आठ बाजूंवर, दर चार मिनिटांनी उठायचं. तरी ते उठणं ठाऊक होतं. २४ बिटांत हा खड्डा अपेक्षित नव्हता. याला शब्द काय?

करवीरकर
खड्डाच.

मेगाहर्ट्झ
प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'गॅपलेस' असेल, ते चालू करा. मराठी हवं तर 'अखंड'.

गोंयकार_व्हायोलिन
केलं चालू. आता पप्पा ऐकायला नाहीत.

मंद्रसप्तक
…

सायली_अनुवाद
@गोंयकार, काय लिहावं कळत नाही. तुमचं 'देंवयली' वाचून मी माझं वाक्य पुन्हा काढलं. आता असं केलंय : "त्या रात्री मी ज्युपिटर घरी आणली." आणि मोझार्टने मिसेरेरे 'उचललं'.

ऱ्हस्वदीर्घ
'घरी आणली' हा डाउनलोडचा प्रतिशब्द नव्हे. सीडीही घरीच आणतात.

सायली_अनुवाद
हो, आणि लेखक वीस वर्षं सीडीच घरी आणत होते, ही अडचण आता लक्षात आली. संपादक तेच विचारणार.

तिरकस
म्हणून म्हणतो, डाउनलोड.

अंजू_मिलपिटास
बरं, मग लिंग कोणतं ते तरी ठरवा. माझा मुलगा म्हणतो 'डाउनलोड झाली', नवरा म्हणतो 'डाउनलोड झालं'. दोघांचं एकाच सिंफनीबद्दल चाललंय.

पेढीवरचा
फाइल झाली, रेकॉर्डिंग झालं.

करवीरकर
आमच्याकडे 'डाउनलोड झाला'. गाणा झाला, डाउनलोड झाला.

पाणिनीचा_शेजारी
'गाणा' कोल्हापुरात कधीपासून?

करवीरकर
आमच्या गल्लीत या, ऐकवतो.