गाठ आटोक्यात आहे, पण अण्णांचे रोजचे जगणे सुसह्य कसे करावे?

प्रश्न (तासगाव)

माझ्या वडिलांना हिपॅटायटिस बीमुळे सिरोसिस (यकृत कठीण होऊन त्याचे काम मंदावणे) झाला होता आणि गेल्या वर्षी यकृतात कर्करोगाची गाठ निघाली. मिरजेत त्यांच्यावर टीएसीई झाले, म्हणजे गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीत औषध सोडून तो पुरवठा बंद करण्यात आला. त्यानंतरच्या स्कॅनमध्ये गाठ आटोक्यात दिसते. तरीही अण्णांची भूक गेली आहे, पोट थोडे फुगलेले असते, दुपारभर ते झोपतात आणि रात्री घरात येरझाऱ्या घालतात. द्राक्षबागेच्या फवारणीची वही ते वर्षानुवर्षे स्वतः लिहीत आले आहेत. अलीकडे त्यांचे अक्षर ओळ सोडून खाली उतरते आणि तारखाही चुकतात. नातेवाइकांच्या सांगण्यावरून डाळ, अंडी, दूध बंद करून आम्ही पेज आणि उकडलेल्या भाज्या देत आहोत. गुळवेलीचा काढा सुरू करावा, असाही आग्रह होत आहे. आजाराचे नाव त्यांना सांगितलेले नाही, ‘लिव्हरला सूज आहे’ एवढेच सांगितले आहे. पुढची तपासणी महिन्याने आहे. तोपर्यंत घरी काय करता येईल?

उत्तर (मिरज, निवृत्त परिचारिका)

महिनाभर थांबू नका. ती वही घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. दिवसा झोप, रात्री जागरण, बिघडलेले अक्षर आणि चुकणाऱ्या तारखा या चारही गोष्टी एकत्र आल्या, तर यकृताच्या दुर्बलतेमुळे मेंदूवर परिणाम होऊ लागल्याची शंका घ्यावी लागते. नुसत्या वयाचा किंवा थकव्याचा हा भाग म्हणून सोडून देण्यासारखे हे नाही. त्यासाठी बहुधा लॅक्ट्युलोजचे पातळ औषध देतात आणि दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौचाला होईल असा त्याचा डोस ठेवतात. जुलाब होतात म्हणून घरचे लोक ते परस्पर बंद करतात आणि काही दिवसांत रुग्ण पुन्हा गुंगीत जातो, असे वॉर्डात वारंवार पाहिले आहे. जुलाब जास्त होत असतील तर डोस कमी करून घ्यावा, औषध बंद करू नये. झोप यावी म्हणून झोपेची गोळी मुळीच देऊ नका, आणि तूर्त त्यांना मोटारसायकल चालवू देऊ नका.

हिपॅटायटिस बीची रोजची गोळी चालू असेल तर तीही तुटता कामा नये. तुमच्या आईची, तुमची आणि भावंडांची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. ज्यांना संसर्ग झालेला नाही त्यांना लस देता येते.

उत्तर (कऱ्हाड, आहारतज्ज्ञ)

डाळ, अंडी आणि दूध आजच पुन्हा सुरू करा, असे मी आग्रहाने सांगेन. सिरोसिसमध्ये प्रथिने तोडावीत ही समजूत जुनी आहे; आता दर किलो वजनामागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने सुचवली जातात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. पेजेवर राहिलेल्या माणसाचे स्नायू झडतात, आणि मेंदूवर गुंगी आणणारा रक्तातील अमोनिया निकामी करण्याचे काम काही प्रमाणात स्नायूही करत असल्यामुळे त्या पथ्याने गुंगी उलट वाढू शकते. पोट फुगलेले असते तेव्हा वजनकाटा फसवा ठरतो, म्हणून दंड आणि मांड्या किती बारीक झाल्या आहेत हे पाहावे.

यकृतात साखरेचा साठा फारसा उरत नसल्याने या रुग्णांचे शरीर एका रात्रीच्या उपवासात तितके झिजते, जितके निरोगी माणसाचे दोन-तीन दिवसांच्या उपवासात झिजते. त्यामुळे थोडे थोडे पाच-सहा वेळा खायला द्या आणि झोपण्यापूर्वी दूध-राजगिरा लाडू किंवा दूध-भाकरी चुकवू नका. मीठ सगळे मिळून दिवसाला साधारण एक छोटा चमचा, म्हणजे पाच ग्रॅम असावे. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे आणि आपले भडंग यातूनच ते नकळत जास्त जाते. मात्र अळणी जेवणामुळे ताट तसेच परत येत असेल, तर लिंबू, कोथिंबीर, आले वापरून चव आणावी, कारण पोटात अन्न जाणे अधिक महत्त्वाचे आहे.

काढा देऊ नका. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली होती. भाजीतल्या हळदीची भीती नाही, हळदीच्या कॅप्सूल मात्र टाळाव्यात.

उत्तर (वाई)

माझे पती याच आजारातून गेले, म्हणून नाव सांगण्याबद्दल लिहिते. आम्हीही ‘सूज’ म्हणत होतो आणि त्यांना सर्व काही कळलेले होते. आम्हाला त्रास नको म्हणून ते विचारत नव्हते. ‘तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायचे आहे?’ एवढे डॉक्टरांसमोर विचारावे आणि उत्तर अण्णांनाच देऊ द्यावे.

कर्करोगाच्या रुग्णांसाठी ईओआरटीसी या युरोपीय कर्करोग संशोधन संस्थेची तीस प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. यकृताच्या कर्करोगासाठी तिला आणखी अठरा प्रश्नांची पुरवणी आहे, ज्यात थकवा, खाज, कावीळ, पोटाचा फुगवटा, चव असे विषय येतात. मूळ प्रश्नावलीत गेल्या आठवड्याचे आपले जगणे एकंदर कसे होते, याला एक ते सात गुण द्यायचे असतात आणि ते रुग्णाने स्वतः द्यायचे असतात. आम्ही घरी तेवढाच प्रश्न दर रविवारी विचारत असू. मला वाटे, त्यांना सर्वांत जास्त पोटाचा त्रास होतो; त्यांच्या लेखी तो त्रास रात्रीच्या खाजेचा होता. खाजेवर औषध मिळाले आणि ते पुन्हा ओट्यावर येऊन बसू लागले. अण्णांना विचारल्यावर कदाचित बागेत तासभर बसणे हीच त्यांची पहिली मागणी निघेल. मग गाडीची सोय करा आणि भेटीला येणाऱ्यांची वेळ ठरवून द्या.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. उद्याचीच वेळ घेतली आहे. रात्री बरगडीखाली दुखते तेव्हा ते मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक घेतात, ती चालेल का?

उत्तर (मिरज, निवृत्त परिचारिका)

नाही, ती आजपासून बंद करा. डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेनमुळे मूत्रपिंडे बिघडू शकतात, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, बहुतेकांना चालते. तेवढ्याने भागले नाही तर वेदनाशामक उपचार करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअर विभागाकडे पाठवण्याची विनंती करा. तो विभाग केवळ अखेरच्या दिवसांसाठी असतो हा गैरसमज आहे, गाठीवरचे उपचार चालू असतानाही तिथे जाता येते. तिथे मॉर्फिन दिले तर यकृतामुळे ते कमी मात्रेत आणि जास्त अंतराने देतात, आणि त्याबरोबर बद्धकोष्ठ होऊ न देणे अण्णांच्या बाबतीत फार महत्त्वाचे आहे.

उद्याच्या भेटीपूर्वी ताप येऊन पोट दुखू लागले, शौच डांबरासारखे काळे झाले, रक्ताची उलटी झाली किंवा हाक मारूनही ते नीट जागे होईनात, तर थेट अपघात विभागात न्यावे.