दक्षिण अमेरिका: कोणत्या महिन्यात जावं, कपडे कोणते न्यावेत?

घोडबंदरवाली
मी, नवरा आणि सासूबाई (वय ६६) पुढच्या वर्षी जायचं म्हणतोय. लिमा, कुस्को, माचू पिचू, ब्युनोस आयर्स आणि शेवटी अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाचं उशुआया. एजंटचा आग्रह मे महिन्याचा आहे, सुट्टीत ग्रुप मिळतो म्हणे. लिमा विषुववृत्ताजवळ, म्हणजे ठाण्यासारखाच उकाडा असणार. मग सुती कपडे पुरतील ना? जाणकारांनी सांगावं.

वाशी_सेक्टर१७
उशुआयासाठी मे नको. तिकडे हिवाळा सुरू होत असतो. जूनमध्ये तर दिवस जेमतेम सव्वासात तासांचा.

ऐरोलीचा_भूगोलवाला
ताई, नुसते अक्षांश बघून बॅग भरू नका. ठाणं १९ अंश उत्तरेला, लिमा १२ अंश दक्षिणेला, म्हणजे आपल्यापेक्षा विषुववृत्ताच्या जवळ. तरी जुलै-ऑगस्टमध्ये लिमात स्वेटर लागतो आणि सूर्य दिसणं मुश्कील.

कारण समुद्रात आहे. दक्षिणेकडून हंबोल्ट नावाचा थंड प्रवाह पेरूच्या किनाऱ्याला लागून वर येतो. त्यामुळे पाण्यालगतची हवा गार राहते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. गार हवा जड, ती वर चढतच नाही. ढग होतात, पण पावसाचे होत नाहीत. हिवाळ्यात नुसतं धुकं आणि बारीक भुरभुर. तिला तिथे 'गारुआ' म्हणतात. पूर्वेकडून ॲमेझॉनची ओल यावी, तर मध्ये अँडीज उभा. समुद्र समोर असूनही लिमा वाळवंटात वसलंय ते यामुळे. तिथून दक्षिणेला चिलीतल्या आटाकामा वाळवंटापर्यंत हाच प्रकार.

आपल्याकडे महाबळेश्वर पावसात बुडालेलं असतं आणि त्याच सातारा जिल्ह्यातलं माण कोरडं, तेच इथे खंडाच्या मापात होतं. सह्याद्री हजार-दीड हजार मीटरचा, अँडीजची कित्येक शिखरं सहा हजारांच्या वर.

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. उष्ण कटिबंधात वारे पूर्वेकडून येतात, म्हणून डोंगराची ॲमेझॉनकडची बाजू ओलीचिंब आणि पॅसिफिककडची सुकी. पार दक्षिणेत वारे पश्चिमेकडून येतात आणि सगळं उलटतं: चिलीचा किनारा हिरवागार, अर्जेंटिनाचा पॅटागोनिया रखरखीत. डोंगर तोच, फक्त वाऱ्याची दिशा बदलली! विमानात पॅटागोनियावरून जाताना खिडकीची जागा मागा.

आता महिना. कुस्कोत मे ते सप्टेंबर कोरडा, जानेवारी-फेब्रुवारीत धो धो पाऊस. उशुआयाला नोव्हेंबर ते मार्च बरा. दोन्ही साधायचं तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरची सुरुवात. कुस्कोत एखादी सर येईल, तेवढं चालवून घ्या. दिवाळी कधी येते ते मात्र आधी बघा.

घोडबंदरवाली
दादा, इतकं समजावून सांगितलंत, खूप आभार. मे रद्द! पण कुस्कोची उंची सासूबाईंना झेपेल का?

डोंबिवली_फास्ट
कुस्को ३४०० मीटर, माचू पिचू साधारण २४३०. विमानातून उतरलात की कुस्कोत थांबू नका, थेट खाली ओयांताइताम्बोला मुक्कामाला जा (२८०० मीटर). माचू पिचूची गाडी तिथूनच मिळते. कुस्को परतताना करा. पहिल्या दिवशी जिने चढणं, भरपेट जेवण टाळा. बीपी, दमा असेल तर डॉक्टरांना आधी दाखवाच. आणि दुपारी ऊन भाजतं, सूर्य कलला की हुडहुडी भरते. थरावर थर घालता येतील असे कपडे न्या.

ऐरोलीचा_भूगोलवाला
एक राहिलं. तिकिटं काढण्याआधी एल निनोची बातमी बघा. त्या किनाऱ्याचं पाणी तापलं की वरचं सगळं गणित फिरतं. २०१७ मध्ये उत्तर पेरूच्या वाळवंटी भागात पूर आले होते.

वाशी_सेक्टर१७
पिवळ्या तापाच्या लशीचं विसरू नका. पेरू-अर्जेंटिनाहून परत येताना इथल्या विमानतळावर दाखला मागतात. प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची. साठीनंतर ही लस जपून देतात, तेव्हा सासूबाईंचं डॉक्टरांना विचारूनच पुढचं बुकिंग करा.