पऱ्हाटीवरचा गॅसिफायर: फिल्टरमध्ये डांबर, जाळीवर राखेचे गोळे. आधी काय बदलावं?

डाळमिल_विदर्भ:
ताशी 40 किलो इंधन घेणारा डाऊनड्राफ्ट गॅसिफायर आहे (कमी हवेत इंधन अर्धवट जाळून जळणारा गॅस करणारं यंत्र, यात हवा आणि गॅस वरून खाली जातात), गॅस जनरेटरला जातो. इंधन पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं), तुकडे 25 ते 50 मिमी, ओलावा 24 टक्के. फिल्टरमध्ये डांबर साचतं, तळाच्या जाळीवर राखेचे कडक गोळे येतात. ब्लोअर वाढवला की ज्योत आणखी फिकी पडते. ओलावा, हवा की लोड, आधी कशाला हात घालावा?

थ्रोट_तापमान:
ओलाव्याला. 24 टक्के म्हणजे किलोमागे 240 ग्रॅम पाणी, आणि त्याची वाफ करायला लागणारी उष्णता बेडमधूनच (आतल्या तापलेल्या इंधनाच्या थरातूनच) जाते. थ्रोटखालचा (यंत्राच्या अरुंद गळ्याखालचा) कोळसा 800-900 अंशांवर असला तरच कार्बन डायऑक्साइड आणि वाफेपासून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन नीट तयार होतात. 700 च्या खाली हे काम फार मंदावतं, डांबराचंही विघटन होत नाही. नुसता हायड्रोजनचा आकडा बघू नका. ओल्या इंधनात तो टिकून राहतो, घसरतो तो कार्बन मोनॉक्साइड. ओलावा 15 टक्क्यांच्या आत आणा. मोजताना बुंध्याजवळचा जाड तुकडा फोडून आतला गाभा घ्या आणि 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. बारीक फांद्या मोजल्या की आकडा फसवा येतो.

हवा_इंधन:
ओलाव्याचं पटतं, पण फिकी ज्योत वेगळं सांगतेय. एक किलो कोरडी पऱ्हाटी पूर्ण जळायला साधारण 6 किलो हवा लागते. गॅससाठी तिचा चौथा हिस्सा, म्हणजे दीड किलो. डाऊनड्राफ्टमध्ये हवा वाढली की इंधनही त्याच मानाने जास्त खपतं, त्यामुळे हे प्रमाण फारसं हलत नाही. ते हललं, याचा अर्थ इंधन खाली सरकत नाही किंवा कुठून तरी हवा शिरतेय. पऱ्हाटीत पहिला संशय सालीवर. तिचे धागे एकमेकांत गुंततात, हॉपरमध्ये (वरच्या इंधनाच्या टाकीत) कमान धरते, खाली पोकळी होते आणि तयार झालेला गॅस तिथेच जळतो. बेडवर यू-ट्यूब मॅनोमीटर (दाबातला फरक दाखवणारी यू आकाराची नळी) लावा. दाबातला फरक एकदम उतरला आणि बाहेर पडणाऱ्या गॅसचं तापमान चढलं, तर पोकळी. फरक चढतच गेला तर चुरा किंवा गोळे. 10 मिमीखालचा चुरा आणि सुटे धागे चाळून काढा.

राख_जाळी:
गोळ्यांचं मूळ बहुधा मातीत आहे. उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळांना माती असते. तिच्यातली सिलिका आणि राखेतलं पोटॅशियम मिळून लवकर वितळतात. मुळं छाटूनच कटरला द्या. ब्लोअर वाढवून डांबर घालवायला गेलात तर नोझलसमोर (हवा आत येण्याच्या तोंडासमोर) गोळे आणखी वाढतील.

लोडही बघा. क्षमतेच्या एक तृतीयांशाखाली थ्रोट निवतो, मग वाळलेल्या इंधनातूनही डांबर येतं. मिल मंद असेल तेव्हा गॅसचा प्रवाह कमी करण्यापेक्षा जादा गॅस फ्लेअरला (नको असलेला गॅस जाळायच्या नळीवर) जाळा.

डाळमिल_विदर्भ:
ब्लोअर गॅसिफायरनंतर आहे, गॅस ओढून घेतो. गळती कशी शोधायची?

हवा_इंधन:
म्हणजे ब्लोअरपर्यंतच्या प्रत्येक फटीतून हवा आत जाते. यंत्र पूर्ण थंड असताना आत हवेचा हलका दाब द्या आणि हॉपरचं झाकण, राखेचं दार, फ्लँज (पाइपांचे बोल्टचे जोड), सगळीकडे साबणाचं पाणी लावा. चालू यंत्राजवळ उदबत्ती किंवा ज्योत नेऊ नका. ब्लोअरच्या पुढच्या पाइपात उलटं होतं, तिथून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. वासावर विसंबू नका, जनरेटरच्या खोलीत त्याचा अलार्म हवाच.