सिंगापूरला आई-बाबांना घेऊन जातोय: खरं हैनानी जेवण कुठे मिळेल?

सातपूरचा निखिल

नमस्कार मंडळी. दिवाळी आटोपली की आई-बाबांना घेऊन सिंगापूरला निघतोय. नाशिकहून गाडीने मुंबई, तिथून विमान. हॉटेल बुगिस भागात घेतलंय.

बाबा ओझरला नोकरी करून निवृत्त झाले. खाण्याची त्यांना मनापासून हौस. रविवारी सकाळी मिसळ खायला निघायचं तर ते आमच्या आधी चपला घालून दारात उभे असतात. कुठल्या तरी कार्यक्रमात त्यांनी हैनानी चिकन राइस पाहिला आणि तेव्हापासून एकच सांगणं आहे, की तिथे जाऊन आपल्याकडचंच पनीर शोधायचं नाही, तिथली माणसं खातात ते खायचं.

हैनानी म्हणजे फक्त चिकन राइस, की आणखीही काही? जुनी दुकानं अजून आहेत का? बीफ आणि पोर्क आम्ही कोणीच खात नाही. आई शाकाहारी आहे, अंडं चालतं, पण मंगळवारी तेही नाही. मॉलमधली फूड कोर्टं नकोत, रस्त्यावरचं जेवण हवं आहे. कोणी राहून आलं असेल तर सांगा.

पंचवटीकर

मॅक्सवेल फूड सेंटरला जा, टियान टियानचा चिकन राइस खा. जेवायच्या वेळेला मोठी रांग असते, म्हणून सकाळी अकराच्या आसपास पोचा. आईंसाठी सेरांगून रोडवर कोमला विलास, १९४७ पासूनचं आहे. इडली, डोसा, थाळी, सगळं शाकाहारी. सिंगापुरात रस्त्यावर सहसा गाड्या लागत नाहीत, बहुतेक विक्रेते हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखाली एकत्र मांडलेल्या स्टॉलमध्ये बसतात. तेच तिथलं रस्त्यावरचं खाणं समजा.

इंदिरानगरची वैशाली

निखिल, आम्ही काही वर्षं सिंगापुरात तोआ पायो भागात राहिलो, ह्यांची नोकरी शिपयार्डात होती. म्हणून जरा सविस्तर लिहिते. बाबांची हौस खरी आहे, तर त्यांना नुसत्या एका प्रसिद्ध दुकानाच्या रांगेत उभं करून आणू नकोस.

हैनान हे चीनच्या दक्षिण टोकाजवळचं बेट. तिथले लोक सिंगापुरात इतर चिनी लोकांच्या मानाने उशिरा आले. तोवर व्यापार-उदीम होक्कियन आणि तेओच्यू ह्या चिनी गटांनी धरलेला होता. मग ह्यांच्या वाट्याला इंग्रजांच्या घरची स्वयंपाकघरं, हॉटेलं आणि बोटींवरचे भटारखाने आले. एवढं बाबांना विमानात सांगून ठेव, म्हणजे पुढे ताटात काय येतंय ते त्यांना आपोआप कळेल. टोस्ट, कॉफी, चुऱ्यात घोळवून तळलेला चॉप, म्हणजे मांसाचा चपटा तुकडा, हे चिनी माणसाच्या दुकानात कुठून आलं, तर साहेबाच्या स्वयंपाकघरातून. रॅफल्स हॉटेलात १९१५ च्या सुमारास सिंगापूर स्लिंग हे पेय बनवणारा न्यिआम टोंग बून हासुद्धा हैनानीच होता.

बुगिसला उतरताय म्हणजे त्यांच्या जुन्या पेठेच्या दारातच उतरताय. मिडल रोड, पर्विस स्ट्रीट आणि सिया स्ट्रीट ह्या तीन रस्त्यांना हैनानी लोक आपली पहिली, दुसरी आणि तिसरी गल्ली म्हणायचे. आज तिथे उंच इमारती आणि महागडी हॉटेलंही आहेत. मिडल रोडवरचं स्वी की हे चिकन राइसचं गाजलेलं दुकान १९९७ मध्ये बंद झालं. पण पर्विस स्ट्रीटवर जुन्या दुकानघरांची ओळ आहे आणि चिन चिन ईटिंग हाउस मी तिथे असताना चालू होतं. जायच्या आधी फोनवर नकाशात एकदा बघून घे, तिथे भाडी वाढतात आणि दुकानं हलतात. जवळच बीच रोडवर त्यांचं माझू देवीचं देऊळ आहे. माझू ही समुद्राची देवी. बोटीने सुखरूप पोचलो म्हणून ही माणसं तिच्या पाया पडायची. आईंना तिथे नक्की ने.

आता चिकन राइस. मूळ हैनानमधल्या वेनचांगच्या कोंबडीचं. सिंगापुरात आल्यावर त्यात केवड्याच्या जातीतलं पांदानचं पान आलं, लिंबू पिळलेली लाल मिरचीची चटणी आली. कोंबडी खळखळ उकळत नाहीत, पाणी उकळीच्या खाली ठेवून त्यात मुरवत शिजवतात आणि मग बर्फाच्या पाण्यात बुडवतात. त्यामुळे कातडी घट्ट बसते आणि तिच्याखाली थोडी जेली धरते. ताटात कोंबडी कोमट किंवा गारच येते. हाडाजवळ गुलाबी छटा असेल. बाबांना आधी सांग, नाहीतर ते "गरम करून आणा" म्हणतील.

आणि माझं एक ऐका. पहिला घास नुसत्या भाताचा घ्यायचा. चटणी नको, काळा सोया नको, चिकनसुद्धा नको. आपण मिसळीचा रस्सा आधी चमच्याने चाखतो आणि मग फरसाणाकडे वळतो, तसं. तांदूळ कोंबडीच्या चरबीत आलं-लसणाबरोबर परततात आणि तिच्याच पाण्यात शिजवतात. दाणा सुटा हवा, ओठांना हलका तुपासारखा लागायला हवा, पण ताटलीवर तेल साचता कामा नये. भात जमला नाही तर कोंबडी कितीही मऊ असो, त्या दुकानात परत जायचं नाही. तोआ पायोच्या आमच्या सेंटरमध्ये एक आजोबा भात संपला की कोंबड्या टांगलेल्या असतानाही शटर ओढायचे. मला त्यांचं फार पटायचं.

ह्याच कारणाने आईंना तो भातही चालणार नाही, हे नीट लक्षात ठेव. नुसता पांढरा दिसतो, पण चरबीचा असतो. तसंच भाजीवर ऑयस्टर सॉस असतो, कोबीत सुकी कोळंबी असते. "नो मीट" सांगितलं तरी हे येतं.

त्यांच्यासाठी तुमच्या हॉटेलजवळच छान सोय आहे. वॉटरलू स्ट्रीटवर क्वान इम देवीचं मोठं देऊळ आहे आणि त्याच्या शेजारीच श्रीकृष्णाचं. चिनी भाविक एकीकडे उदबत्ती लावून लगेच दुसरीकडे लावतात. ते बघायलाच थांबा थोडं. त्या परिसरात आणि फॉर्च्युन सेंटर नावाच्या इमारतीत बौद्ध पद्धतीची शाकाहारी दुकानं आहेत. त्यांच्याकडे बहुधा कांदा-लसूणही नसतो. मंगळवार तिथे काढा.

सातपूरचा निखिल

वैशालीताई, बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते भाताचं ऐकून लगेच वही घेऊन बसले. सकाळच्या नाश्त्याचं आणि त्या चॉपचं जरा सांगाल का? आणि बाबांना मटण फार आवडतं.

द्वारकेचा मनोज

मटणासाठी हैनानीच कशाला? नॉर्थ ब्रिज रोडवर सुलतान मशिदीसमोर झाम झाम आहे, १९०८ पासूनचं. मटण मुर्तबाक, म्हणजे मटण भरलेला पराठा घ्या, सोबत रस्सा देतात. बुगिसहून चालत जाता येतं. हलाल आहे, त्यामुळे पोर्कची काळजीच नाही. माझ्या मते तुमच्या घरासाठी हे चिकन राइसपेक्षा सोपं. संध्याकाळी 'लाउ पा सात' ह्या हॉकर सेंटरच्या बाहेर बून टाट स्ट्रीट वाहनांना बंद करतात आणि साटेच्या, म्हणजे काडीवर भाजलेल्या मांसाच्या शेगड्या लागतात. रस्त्यावर बसून खायची हौस तिथे भागेल.

इंदिरानगरची वैशाली

मनोज, झाम झाम चांगलंच आहे, एक संध्याकाळ तिथे जरूर घालवावी. पण बाबांनी विचारलंय ते हैनानी. आणि मटण त्यांच्यातही आहे! हैनानी मटण सूप म्हणून हॉकर सेंटरमध्ये मिळतं, औषधी मुळ्या आणि आलं घालून तासन् तास उकळलेलं. आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्याची अपेक्षा ठेवून प्यायचं नाही. मसाला जवळजवळ नसतो, वास मुळ्यांचा असतो. पावसात फार बरं वाटतं, आणि नोव्हेंबरात दुपारी पाऊस येतोच तिथे. छत्री घेऊन जा.

नाश्ता मात्र हैनानीच करा, निदान एक दिवस. किलिनी रोडवरचं किलिनी कोपितियाम १९१९ पासूनचं आहे. 'या कुन' नावाचं दुकान १९४४ पासूनचं, हैनानहून आलेल्या माणसाने सुरू केलेलं, आता त्यांच्या शाखा सगळीकडे आहेत. मी मूळ किलिनीलाच जाईन. कोळशावर किंवा जाळीवर भाजलेला पातळ टोस्ट, आत गार लोण्याचा जाड तुकडा आणि काया. काया म्हणजे नारळाचं दूध, साखर, पांदान आणि अंडं. म्हणजे आईंना मंगळवारी काया नको, बाकीच्या दिवशी हरकत नाही. बरोबर दोन अर्धकच्ची अंडी येतात. बशीत फोडायची, काळा सोया आणि पांढरी मिरपूड घालून ढवळायची, टोस्ट बुडवून खायचा. बाबांना हे पहिल्या घासाला विचित्र वाटेल, दुसऱ्याला नाही.

कॉफीच्या बिया साखर आणि लोण्याबरोबर काळ्याभोर भाजतात आणि कापडाच्या लांब पिशवीतून गाळतात. नुसतं "कोपी" म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्कची गोड येते. "कोपी ओ" म्हणजे दुधाशिवाय, साखरेची. "कोपी सी" म्हणजे इव्हॅपोरेटेड मिल्क आणि साखर. साखर नको असेल तर शेवटी "कोसोंग" म्हणा, कमी हवी तर "सिउ दाई". बाबांना मधुमेह असेल तर हे दोन शब्द त्या वहीत आधी लिहा.

चॉपचं मला वाईट वाटतं, कारण मूळ पदार्थ पोर्कचा. बिस्किटाच्या चुऱ्यात घोळवून तळतात आणि वर टोमॅटोचा आंबट-गोड सॉस, मटार, कांदा, बटाटा. काही ठिकाणी चिकन चॉप मिळतो, पण तळायचं तेल तेच असू शकतं. विचारून घ्या. जालान बेसारला कात्रीने कापून देतात तो करी राइसही असाच. भातावर चॉप, कोबी, अंडं, सगळं कात्रीने कापून वरून दोन-तीन रस्से ओततात. ताट दिसायला गिचमीड आणि चवीला अप्रतिम. पण रश्श्यातच पोर्क असतं, तुम्ही लांबूनच बघा. तो माणूस कात्री चालवतो ते मात्र बाबांना दाखव.

हॉकर सेंटरचे दोन रिवाज. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा धरलेली आहे, तिथे बसू नका. तुम्हीही तसंच करा. आणि खाऊन झालं की ट्रे उचलून ठेवायचा, २०२१ पासून न ठेवणाऱ्याला दंडही होऊ शकतो. आईंना ट्रे उचलू देऊ नकोस, तू उचल. थोडे सुटे डॉलर जवळ असू दे.

पंचवटीकर

हॉकर संस्कृती डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. तरीही साध्या सेंटरमध्ये चिकन राइसची ताटली चार-पाच डॉलरच्या आसपास मिळते. सिंगापूरच्या मानाने हे स्वस्तच.

सातपूरचा निखिल

आता बाबांचा शेवटचा प्रश्न, त्यांच्याच शब्दांत: "आल्यावर घरी करता येईल का?"

इंदिरानगरची वैशाली

येईल. मी करते. नाशिकमध्ये चिकनवाला न विचारता कातडी सोलून देतो, त्याला आधीच "स्किनसकट, अख्खी" सांगायचं. सव्वा-दीड किलोपेक्षा मोठी नको. मीठ चोळून धुवायची, पोटात आलं आणि पातीचा कांदा भरायचा. मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं की कोंबडी सोडायची, परत उकळी आली की गॅस अगदी बारीक, पाणी नुसतं थरथरत राहील इतका. साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. मांडीच्या जाड भागात सुरी टोचली की पाणी स्वच्छ यायला हवं, लालसर आलं तर आणखी ठेवायची. मग भरपूर बर्फाच्या पाण्यात.

पोटाजवळची चरबी आधीच काढून मंद आचेवर वितळवायची. त्यात आलं-लसूण, मग धुऊन निथळलेला तांदूळ. इंद्रायणी घेऊ नका, चिकट होतो. तिथे जास्मिन वापरतात. मिळाला नाही तर जुना आंबेमोहोर घ्या, पण पाणी कमी घाला. त्याचा वास पांदानच्या फार जवळ जातो, दोघांतला सुगंध देणारा घटक एकच आहे. आणि कोकणातल्या कोणाच्या परसात अन्नपूर्णेचं झाड असेल तर एक फांदी मागून आणा. ती पानं भातात टाकतात, ते पांदानच. माझ्या कुंडीत आहे, इंदिरानगरला आलात तर तोडून देईन.

दिवाळी झाल्या झाल्या जाताय ते बरं, मार्गशीर्ष लागला की आईंच्या स्वयंपाकघरात हे सगळं बंद होईल. आल्यावर करायचं असेल तर तारखा बघून ठेव.

सातपूरचा निखिल

तारखा आईलाच विचारल्या. ती म्हणाली, कोंबडीचं पातेलं वेगळं आणा, गच्चीत शेगडी मांडा आणि करा. फांदी घ्यायला रविवारी येतो, ताई. बाबाही येतील.