मदत हवी आहे: बोअरच्या पाण्यात टेट्रासायक्लिन (अँटिबायोटिक) उन्हात नीट तुटत नाहीये

नमस्कार मंडळी, एमएस्सी केमिस्ट्रीच्या प्रोजेक्टसाठी युरिया ५५० डिग्रीला भाजून ग्राफिटिक कार्बन नायट्राइड बनवलंय, पिवळसर हलकी पावडर, जी प्रकाशात पाण्यातलं औषध तोडते (फोटोकॅटॅलिस्ट). टिटॅनियम डायऑक्साइड मुद्दाम घेतलं नाही कारण त्याला यूव्हीच लागतं आणि उन्हात यूव्ही जेमतेम ४-५ टक्के, माझ्या पावडरची बँड गॅप (ती चालू व्हायला लागणारी प्रकाशाची किमान ऊर्जा) २.७ eV म्हणजे निळा प्रकाशही कामी येतो. डिस्टिल्ड पाण्यात टेट्रासायक्लिनचा ३५७ nm चा पीक (औषध किती प्रकाश शोषतं ते) मस्त खाली येतो, पावडरला नुसतं चिकटणारं औषध आधीच चिकटावं म्हणून अर्धा तास अंधारात ढवळून मगच उन्हात ठेवते. पण बोअरचं पाणी घेतलं की स्पीड एकदम पडतो आणि पीकही उजवीकडे सरकतो. मला वाटतं पाण्यातलं कॅल्शियम औषधाला धरून बसतंय आणि बायकार्बोनेट औषध तोडणारे रॅडिकल्स खातंय, पण हे दोन्ही वेगवेगळं कसं दाखवायचं? कॅल्शियम बांधून ठेवायला ईडीटीए टाकावं तर ते होल्सच (प्रकाशाने पावडरमध्ये तयार होणाऱ्या, औषध तोडायला लागणाऱ्या धन जागा) खाऊन टाकतं, मग रिझल्टला अर्थच उरत नाही.

दुसरं म्हणजे नुसत्या उन्हातही टेट्रासायक्लिन थोडं तुटतंच, तर ब्लँक (पावडर न घातलेला नमुना) त्याच दिवशी शेजारीच ठेवला तर चालेल ना, ढग आले की सगळंच बदलतं.

आणि पीक गेला म्हणजे औषधाचा असर गेला असं नाही ना, तुटलेले तुकडेही बॅक्टेरिया मारत असतील तर उपयोग काय? हैदराबादजवळच्या पटनचेरूच्या औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं होतं, तिथे खरं पाणीच महत्त्वाचं. आमच्याकडे टीओसी मशीन (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजणारं) नाहीये, ई. कोलाय बॅक्टेरियाची प्लेट लावून झोन (बॅक्टेरिया न वाढलेली जागा) मोजला तर पुरेल का? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.