मदत हवी आहे: बोका ठणठणीत आहे हे कसं ओळखायचं?

वैतागलेला_ठाणेकर
उद्या पहाटे गावी निघायचंय. बोका शेजारच्या काकूंकडे राहणार. त्या म्हणतात, आधी तब्येत बघून घे, नंतर माझ्यावर यायला नको. नाक कोरडं लागतंय, बाकी काही नाही. निरोगी मांजराच्या खुणा थोडक्यात सांगा. 'गूगल करा'वाल्यांनी येऊ नये.

मनीची_आई
वय? नसबंदी झालीय? लसी? खातोय का?

वैतागलेला_ठाणेकर
वयाचा काय संबंध? नाक कोरडं आहे. आज खाल्लं नाही फारसं, पण नखरे नेहमीचेच.

चौकस
नाकावर जाऊ नका, उन्हात लोळून आलं तरी कोरडं होतं. ओठ वर करून हिरड्या बघा: गुलाबी हव्यात, बोटाने दाबून सोडल्यावर दोनेक सेकंदांत रंग परत यायला हवा. जागेपणी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा आलेला नसावा. झोपेत श्वास मोजा, मिनिटाला 30 पेक्षा कमी असावेत. बरगड्या हाताला लागाव्यात, नुसत्या डोळ्यांना दिसू नयेत. आणि अंग चाटतोय का? चाटणं सोडलं की केस तेलकट, पिंजारलेले दिसतात. मी तरी आधी तेच बघतो.

सदूभाऊ
काय एकेक खूळ! आमच्याकडे दूधभातावर मांजरं वाढली, हिरड्या कुणी बघितल्या नाहीत. घुरघुरतोय ना? मग मजेत आहे.

मनीची_आई
दुखत असलं तरी घुरघुरतात हो. आणि मोठ्या मांजरांना बऱ्याचदा दूध पचत नाही, जुलाब होतात.

सदूभाऊ
तुमच्या फ्लॅटमधल्यांना होत असतील.

रानवारा
अंग गरम असेल तर पॅरासिटामॉल पाव गोळी. लहान मुलांना देतोच की.

चौकस
अजिबात नको!! मांजराला ते विष आहे, थोडंसंसुद्धा. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. शिवाय मांजराचं अंग आपल्याला गरमच लागणार, साधारण 100.5 ते 102.5 फॅरनहाइट हे त्यांचं नेहमीचं तापमान. संपादक, वरचा प्रतिसाद उडवा.

वैतागलेला_ठाणेकर
भांडू नका. गोळी देत नाहीये. डोळ्यात पडदा थोडा दिसतोय. चाटतोय भरपूर, पण मागचाच भाग. मातीच्या ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतो, होत काही नाही. पोट साफ नसेल. इसबगोल चालेल?

मनीची_आई
थांबा. लघवी होतेय का?

वैतागलेला_ठाणेकर
माती सकाळपासून कोरडी आहे. मधूनच ओरडतो.

मनीची_आई
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो. खडे किंवा चिकट खर अडकली की लघवी पूर्ण तुंबते. एक-दोन दिवसांत जीव जातो. गावाचं राहू दे. रात्री उघडा असलेला दवाखाना गाठा, आत्ता. पोट दाबून बघू नका.

चौकस
+१. फोनवर 'नाक कोरडं' सांगत बसू नका, 'बोक्याची लघवी बंद आहे' एवढंच सांगा.

सदूभाऊ
कोरडं खाणं घालत असणार. दूधभातावर असता तर...

मनीची_आई
सदूभाऊ, आत्ता नको.

वैतागलेला_ठाणेकर
पिंजरा नाहीये!!

चौकस
झाकणाची टोपली, नाहीतर उशीचा जाड अभ्रा. तोंड घट्ट आवळू नका.

वैतागलेला_ठाणेकर
टोपलीत घातलाय, बोंबलतोय. रिक्षा मिळाली. काकूंना काय सांगू ते नंतर विचारतो.

फुलराणी
अवांतर: भगवा आहे का? भगवी मांजरं बहुतेक बोकेच असतात. आमचा सोफा ओरबाडतो, त्याला मी गोणपाट गुंडाळलेला खांब करून दिलाय. फोटो टाकू का?