गल्लीत रात्रीची गस्त सुरू करतोय, अनुभव सांगा

कडीकोयंडा

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीत दीड महिन्यात तीन घरफोड्या झाल्या. त्यातल्या दोन एकाच घरात, १८ दिवसांच्या अंतराने. काका-काकू लेकीकडे गेले होते. पहिल्या खेपेला मागच्या दाराचं कुलूप तोडलं, काकांनी येऊन नवं लावलं आणि परत गेले, तर तेही तोडलं.

मग नेहमीप्रमाणे व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. आता ठरतंय असं की रोज रात्री १२ ते ४ चौघांनी गस्त घालायची. काठ्या, शिट्ट्या, टॉर्च आणायची वर्गणीसुद्धा जमली. पोलीस ठाण्यात गेलो तर "करा, पण मारहाण करू नका" असं सांगून एका अंमलदाराचा नंबर दिला. मीटिंगमध्ये मी एकटाच गप्प बसलो होतो, म्हणून मलाच प्रमुख केलंय.

गस्तीचा खरंच उपयोग होतो का? अनोळखी माणूस दिसला तर नेमकं काय करायचं?

शंकासुर

आमचा उत्साह अकरा दिवस टिकला. बाराव्या रात्री गस्तीवर मी आणि एक भटकं कुत्रं. कुत्रं शेवटपर्यंत नियमित होतं.

जुनी खिडकी

गस्तीचं वेळापत्रक मी चार वर्षं सांभाळलंय. माझं ऐकाल तर काठ्यांची वर्गणी परत करा.

अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या पोलिसांनी १९७२-७३ मध्ये एक प्रयोग केला होता. १५ विभाग घेतले. पाचांत नेहमीची गस्त बंद, बोलावलं तरच गाडी जायची. पाचांत पूर्वीइतकीच आणि उरलेल्या पाचांत दुपटी-तिपटीने. वर्षभराने पाहिलं तर गुन्ह्यांत म्हणावा असा फरक नाही, आणि लोकांना वाटणाऱ्या भीतीतही नाही. गणवेशातल्या, गाडीतल्या पोलिसांची ही गत, तर झोपेला आलेल्या चार शेजाऱ्यांकडून काय अपेक्षा करणार?

तुमच्या पोस्टमधली खरी महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओझरती सांगून पुढे गेलात. दोन घरफोड्या एकाच घरात! हा योगायोग नसतो. चोराला दार कुठे, कडी कशी, लोक कधी नसतात हे सगळं ठाऊक झालेलं असतं. इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात हेच ध्यानात आलं. एकदा फुटलेलं घर पुन्हा फुटायचा संभव इतर घरांच्या कितीतरी पट होता. मग त्यांनी सगळ्या वसाहतीवर डोळे लावून बसण्याऐवजी फुटलेल्या घराच्या आसपासची साधारण सहा घरं गाठली आणि एवढंच सांगितलं, की या एका घराकडे लक्ष ठेवा. नाणी टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर घराघरांत होते, चोर ते फोडून पैसे न्यायचे, ते काढून टाकले. कड्या-कुलपं पक्की केली. तीन वर्षांत घरफोड्या पाव हिश्श्यावर आल्या. तेव्हा तुम्ही आधी काकूंचं मागचं दार धरा. ते कुणाकुणाच्या खिडकीतून दिसतं?

आता अनोळखी माणसाचं. आमच्या गस्तीने दुसऱ्या वर्षी रात्री अडीचला एका मुलाला अडवलं. तिघं पुढे, एक मागे, तोंडावर टॉर्च. तो म्हणत होता, मी इथेच राहतो, रात्रपाळीहून आलोय. आमचे लोक म्हणाले, मग कुलूप उघडून दाखव. किल्ली त्याच्याच खिशात होती, पण हात इतका थरथरत होता की दोनदा खाली पडली. चार महिने तो आमच्यात राहत होता आणि एकालाही चेहरा माहीत नव्हता! पुढच्या महिन्यात खोली सोडून गेला. त्या चौघांत माझे यजमान होते. अजून ते त्या दारावरून जाताना मान खाली घालतात.

आमचं एवढ्यावर निभावलं. २०१२ मध्ये फ्लोरिडातल्या सॅनफोर्ड गावी वस्तीच्या पहारा-गटातल्या एका स्वयंसेवकाला १७ वर्षांच्या ट्रेव्हॉन मार्टिनचा संशय आला. त्याने पोलिसांना फोन केला. मागे जायची गरज नाही असं पलीकडून सांगितलं गेलं, तरी गाठ पडली आणि त्याने मुलाला गोळी घातली. मुलाकडे हत्यार नव्हतं.

म्हणून आमचा नियम एकच: बघा, वेळ लिहा, फोन करा. पाठलाग नाही, अडवणं नाही. आणि फोनवर माणूस 'कसा दिसतो' याआधी तो 'काय करतोय' ते सांगायचं. "संशयित वाटतो" याला अर्थ नाही. "तीन बंद दारांच्या कड्या हलवून बघितल्या" याला आहे.

कडीकोयंडा

बाप रे. किल्लीचा प्रसंग वाचून काठ्यांचं बारगळलंच समजा. पण फोन करायचा कुणाला? ज्या अंमलदाराचा नंबर दिला होता त्यांची बदली झाली म्हणे.

जुनी खिडकी

हे दुखणं सगळीकडचं आहे. शिकागोत १९९३ मध्ये पोलिसांनी लोकांना बरोबर घ्यायचं ठरवलं, तेव्हा तीच ती माणसं एकाच बीटवर, म्हणजे गस्तीच्या नेमून दिलेल्या भागात, टिकून राहतील असं पाहिलं आणि दर बीटची महिन्याला बैठक ठेवली. तिथे लोक काय घेऊन येत? बंद दिवे, पडीक घरं, टाकून दिलेल्या गाड्या. ती कामं पोलिसांची नव्हतीच, पण ती मार्गी लावायला नगरपालिकेची खाती जोडून दिलेली होती.

एवढी यंत्रणा आपल्या हातात नसते. आम्ही एक वही केली. महिन्यातून एकदा तीन जण ठाण्यात जातो. डावीकडे आम्ही काय सांगितलं, उजवीकडे काय झालं. पहिले तीन महिने उजवी बाजू कोरी! मग एका हवालदारांनी वही चाळून विचारलं, "तुम्ही काय करणार होतात ते कुठंय?" तेव्हापासून तिसरा रकाना आहे. आता नवीन माणूस बदलून आला की आधी तोच रकाना वाचतो.

उंबरठा

वहीला +१. फक्त समितीत कोण बसतं ते बघा. भिवंडीत १९८८ पासून उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, तेव्हा नेहमीचे पुढारी न घेता दोन्ही समाजांतली साधी माणसं घेतली होती. १९८४ ची दंगल सोसलेलं ते गाव ९२-९३ मध्ये शांत राहिलं. नाहीतर ज्यांना साहेबांबरोबर फोटो हवा तेच पुढे येतात.

शंकासुर

आणि भाडेकरू? तुमच्या ग्रुपमध्ये किती आहेत?

कडीकोयंडा

एकही नाही. जुनी खिडकी, तुमचा दाराचा प्रश्न वाचून आज संध्याकाळी काकूंच्या मागच्या अंगणात उभा राहून बघितलं. त्या दारावर नजर पडेल अशी एकच खिडकी आहे, पलीकडच्या पहिल्या मजल्यावरची. तिथे तीन मुलं भाड्याने राहतात. वर जाऊन भेटलो. दुसऱ्या खेपेच्या रात्री पत्रा वाजल्याचा आवाज आला होता म्हणे, एकाने खिडकीही उघडली होती. पण सांगायचं कुणाला हे माहीत नव्हतं. तिघांचे नंबर घेऊन आलोय.